रडणं नाही, ओरडणं नाही, तरी कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्री! फिनलंडच्या काती ओउतिनेन यांची गोष्ट

हेलसिंकीतला एक डान्स हॉल. भिंतीला लागून बाकं, त्यावर ओळीने बसलेल्या मुली. समोरून पुरुष येतात, एकेकीला नाचायला बोलावतात आणि बाकं रिकामी होत जातात. शेवटी एकच मुलगी उरते. तिच्या पायाशी सरबताच्या रिकाम्या बाटल्या वाढत जातात. यावरूनच कळतं की ती किती वेळ बसून आहे. तिच्या डोळ्यात पाणी येत नाही, ती कुणाकडे आशेने बघतही नाही. नुसती बसून राहते.

१९९० साली आलेल्या 'द मॅच फॅक्टरी गर्ल' या फिनिश सिनेमातला हा प्रसंग आहे. त्या मुलीचं काम करणारी अभिनेत्री म्हणजे काती ओउतिनेन. पुढे २००२ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. फिनलंडच्या एखाद्या अभिनेत्रीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता गंमत बघा. अभिनयाचा पुरस्कार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पाच मिनिटांचा संवाद, भरून आलेला गळा, पावसात फोडलेला टाहो. ओउतिनेन यांच्या गाजलेल्या भूमिकांमध्ये यातलं जवळपास काहीच नाही. त्यांच्या बायका कमी बोलतात, सरळ उभ्या राहतात आणि समोरच्याकडे बघतात. मग जगाला त्यांच्यात इतकं काय दिसलं?

हे समजायचं तर फिनलंडचं रंगमंच, तिथली मंदी आणि एका विक्षिप्त दिग्दर्शकाची चौकट, या तिन्हींची ओळख करून घ्यावी लागते.

सुरुवात एका टपोरी मुलीपासून

काती ओउतिनेन यांचा जन्म १७ ऑगस्ट १९६१ चा, हेलसिंकीचा. सिनेमात त्या पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरल्या त्या १९८० साली. तापियो सुओमिनेन या दिग्दर्शकाचा 'ताल्ता तुल्लान, एलामा!' नावाचा सिनेमा आला. नावाचा अर्थ साधारण 'आलोच बघ, आयुष्या!' असा. शाळेत न रमणारी, शहरभर भटकणारी, घरच्यांशी आणि व्यवस्थेशी न पटणारी पोरं हा त्याचा विषय. ओउतिनेन यांनी त्यात लिस्सू नावाच्या बिनधास्त मुलीचं काम केलं. फिनलंडमध्ये एका अख्ख्या पिढीला हा सिनेमा आपला वाटला, आजही तो आठवणीने बघितला जातो.

म्हणजे सुरुवातीची काती ओउतिनेन गप्प बसणारी नव्हती. ती उलट उत्तर देणारी होती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे जे शांतपण आलं ते स्वभावातून आपोआप आलेलं नव्हतं. ते कमावलेलं होतं.

शाळा अशी, की अंगावर काटा यावा

ओउतिनेन अभिनय शिकल्या त्या हेलसिंकीच्या थिएटर अकादमीत. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं जे स्थान, साधारण तेच फिनलंडमध्ये या संस्थेचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे योउको तुर्क्का या दिग्दर्शकाचं राज्य होतं.

तुर्क्का यांचं म्हणणं असं, की नटाने शरीराच्या मर्यादेपर्यंत जायला हवं. घाम, ओरडणं, थकवा, शरीर पिळवटून टाकणारे व्यायाम. नट थकून कोसळायला आला की त्याचा खोटेपणा गळून पडतो आणि खरं काहीतरी बाहेर येतं, हा त्यांचा विश्वास. या पद्धतीवर फिनलंडमध्ये प्रचंड वाद झाले. काहींनी त्यांना अलौकिक मानलं, काहींनी क्रूर.

वातावरण किती तापलेलं होतं त्याचा एक नमुना. जानेवारी १९८७ मध्ये ओउलू शहरात नाट्यमहोत्सव सुरू होता. अकादमीच्या चार विद्यार्थ्यांनी 'देवाचं थिएटर' नावाचा प्रयोग केला. प्रयोग कसला, प्रेक्षकांवर हल्लाच. अंडी, फटाके, आग विझवायच्या यंत्रातली पावडर आणि चक्क विष्ठा प्रेक्षकांच्या दिशेने फेकली गेली. देशभर खळबळ उडाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

ओउतिनेन यांचा या प्रयोगाशी काही संबंध नव्हता. पण त्या घडल्या त्या याच काळात. आणि तरीही त्यांना कधी कुणी 'तुर्क्का छापाची नटी' म्हटलं नाही. त्यांच्या पिढीचा अभिनय जास्तीत जास्त आवाजाकडे धावत असताना त्यांची ओळख ठरली ती नेमक्या उलट दिशेने.

तरी एक गोष्ट या दोन टोकांना जोडते. ती म्हणजे शरीरावरचा ताबा. ज्याला शरीर पूर्ण ताणता येतं, त्यालाच ते पूर्ण थांबवताही येतं. नुसतं उभं राहणं सोपं वाटतं, पण कॅमेऱ्यासमोर दहा सेकंद काहीही न करता उभं राहून बघा. हात कुठे ठेवायचे इथून प्रश्न सुरू होतात.

आकी काउरिस्माकी नावाचा माणूस भेटला

१९८६ साली दिग्दर्शक आकी काउरिस्माकी यांनी ओउतिनेन यांना 'शॅडोज इन पॅरडाइज' या सिनेमात घेतलं. गोष्ट अगदी साधी. निकांदेर नावाचा एक जण कचऱ्याची गाडी चालवतो. इलोना सुपरमार्केटमध्ये कॅशियर आहे. दोघं एकमेकांना आवडतात, पण ते सांगायचं कसं हे दोघांनाही कळत नाही. पहिल्या भेटीला निकांदेर तिला घेऊन जातो कुठे, तर बिंगो खेळायच्या हॉलमध्ये! साहजिकच भेट फसते.

मग इलोनाची नोकरी जाते. जाता जाता रागाच्या भरात ती दुकानाची पैशांची पेटीच उचलून आणते. निकांदेर ती पेटी गुपचूप परत नेऊन ठेवतो. त्यानंतरही दोघं तुटतात, जुळतात आणि शेवटी एका जहाजाने समुद्रापलीकडच्या टॅलिनला निघून जातात.

निकांदेर झाला होता मात्ती पेल्लोनपा. मिशा, थकलेले डोळे, ओठात सिगारेट. ओउतिनेन आणि पेल्लोनपा ही जोडी इथून जमली. दोघंही रूढ अर्थाने हीरो-हीरोइन दिसत नव्हते. तेच तर काउरिस्माकी यांना हवं होतं.

या दिग्दर्शकाचे काही नियम आहेत, ते कळले की ओउतिनेन यांचं काम जास्त कळतं.

पहिला नियम भाषेचा. फिनिश भाषेत लिहिण्याची आणि बोलण्याची भाषा यात बरंच अंतर आहे. 'मी आहे' हे पुस्तकात 'मिना ओलेन' असं लिहितात, पण हेलसिंकीच्या रस्त्यावर कुणी तसं म्हणत नाही. तिथे त्याचं 'मॅ ओन' होतं. काउरिस्माकी यांची पात्रं मात्र पुस्तकी भाषा बोलतात. कचरा उचलणारा असो की भांडी घासणारा, प्रत्येकाचं वाक्य व्याकरणशुद्ध आणि आटोपशीर. कल्पना करा, एखादा हमाल दैनिकाच्या अग्रलेखाच्या भाषेत चहा मागतोय. हसू येतं. पण थोड्या वेळाने लक्षात येतं की या भाषेने त्या माणसाला एक मान दिलाय. कुणीही त्याच्या बोलण्याची टर उडवू शकत नाही.

दुसरा नियम अभिनयाचा. तालीम कमी, टेक कमी, हावभाव त्याहून कमी. काउरिस्माकी हे फ्रान्सचे रोबेर ब्रेसाँ आणि जपानचे यासुजिरो ओझू यांचे भक्त. दोघांच्याही सिनेमात नट भावना दाखवत फिरत नाहीत, प्रेक्षकाला त्या ओळखाव्या लागतात.

तिसरा नियम प्रकाशाचा. छायालेखक तिमो साल्मिनेन निळसर-हिरव्या भिंती, एखादी ठळक लाल वस्तू आणि चेहऱ्यावर थेट पडणारा उजेड अशी चौकट रचतात. अशा उजेडात जुन्या हॉलिवूडच्या नायिका उभ्या राहायच्या. इथे त्याच उजेडात सुपरमार्केटची कॅशियर उभी राहते.

या चौकटीत नटाला लपायला जागा नसते. लांबलचक संवाद नाही, धावपळ नाही, पार्श्वसंगीताचा आडोसाही फारसा नाही. चेहरा आणि फक्त चेहरा. ओउतिनेन इथे फुलल्या.

काड्यापेटीच्या कारखान्यातली इरिस

पुढच्याच वर्षी 'हॅम्लेट गोज बिझनेस' या सिनेमात ओउतिनेन ऑफेलिया झाल्या. शेक्सपिअरचं नाटक इथे आजच्या एका उद्योगपती घराण्यात घडतं. पण त्यांचं नाव जगभर पोहोचवलं ते सुरुवातीला उल्लेख केलेल्या 'द मॅच फॅक्टरी गर्ल'ने.

सिनेमा जेमतेम सव्वा तासाच्या आत संपतो. सुरुवातीला माणूस दिसतच नाही. लाकडाचा ओंडका, तो सोलणारं यंत्र, त्याच्या काड्या, काड्यांच्या पेट्या. मग पेट्या तपासणारे दोन हात दिसतात आणि मग त्या हातांची मालकीण, इरिस. पहिल्या काही मिनिटांत कुणी कुणाशी बोलत नाही. ही मुलगीही त्या यंत्राचाच एक भाग झाली आहे, हे सांगायला शब्द लागत नाहीत.

इरिस पगाराचं पाकीट घरी आणून देते. आई आणि सावत्र बाप ते घेतात, ती स्वयंपाक करते, तिघं टीव्हीसमोर बसतात. टीव्हीवर बीजिंगच्या तिआनमेन चौकातल्या बातम्या सुरू आहेत. जगात एवढं काही चाललंय आणि या घरात कुणी कुणाला एक शब्द विचारत नाही.

एके दिवशी पगारातून ती स्वतःसाठी एक झगझगीत ड्रेस घेते. सावत्र बाप थोबाडीत मारतो. आई ड्रेस परत करायला सांगते. इरिस तोच ड्रेस घालून बाहेर पडते. एक पुरुष भेटतो, रात्र त्याच्या घरी जाते. इरिसला वाटतं, प्रेम मिळालं. त्या पुरुषाला वाटतं, ही पैसे घेणारी बाई आहे. सकाळी तो टेबलावर नोट ठेवून निघून जातो.

पुढे ती गरोदर राहते. त्याला पत्र लिहिते. उत्तरादाखल येतो एक चेक आणि मूल नको असं सांगणारी चिठ्ठी. धक्क्यात ती रस्त्यावर येते, गाडीखाली सापडते. हॉस्पिटलमध्ये सावत्र बाप भेटायला येतो, सोबत एक संत्रं आणतो आणि सांगतो, आता घरी येऊ नकोस.

यानंतर इरिस उंदीर मारायचं औषध विकत घेते. कुणासाठी, ते सिनेमात बघायला हवं.

या भूमिकेत ओउतिनेन यांनी काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे. कथा इतकी करुण आहे की थोडं जरी रडल्या असत्या तरी सगळं भडक झालं असतं. त्यांनी रडणं मोजून मापून ठेवलं. इरिस आधी मान खाली घालून चालते. विष घेतल्यानंतर तिचा चेहरा तसाच असतो, पण मान सरळ होते. बस, एवढाच फरक. आणि त्या फरकाने अंगावर शहारा येतो, कारण आतापर्यंत जिची दया येत होती तिची आता भीती वाटायला लागते.

प्रेक्षक तिच्या बाजूने राहतो का? हा प्रश्न सिनेमा संपल्यावरही सुटत नाही. ओउतिनेन प्रेक्षकाला मदत करत नाहीत. इरिस माफी मागत नाही आणि समर्थनही देत नाही. शेवटी पोलीस कारखान्यात येतात, तेव्हा ती आपल्या कामाच्या जागेवरच असते.

मंदी आली, मित्र गेला

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडवर मोठं आर्थिक संकट कोसळलं. शेजारचा सोव्हिएत संघ कोसळला आणि त्याच्यासोबत फिनलंडची मोठी बाजारपेठ गेली. आधीच्या वर्षांत बँकांनी सढळ हाताने दिलेली कर्जं बुडाली. १९९० मध्ये सुमारे ३ टक्के असलेली बेरोजगारी चार वर्षांत १६ टक्क्यांच्या वर गेली. ज्या देशात नोकरी म्हणजे गृहीत धरलेली गोष्ट होती, तिथे अचानक शेजारपाजारचे लोक घरी बसले.

काउरिस्माकी यांनी यावर सिनेमा करायचं ठरवलं. डोळ्यांसमोर अर्थातच मात्ती पेल्लोनपा होते. १९९४ मध्ये 'टेक केअर ऑफ युअर स्कार्फ, तातियाना' या छोट्या सिनेमात ओउतिनेन आणि पेल्लोनपा पुन्हा एकत्र आले होते. एस्टोनियाची एक बाई आणि तिच्याशी बोलायचीही हिंमत नसलेला फिनिश पुरुष, अशी ती गमतीदार गोष्ट. पण जुलै १९९५ मध्ये पेल्लोनपा यांचं निधन झालं. वय फक्त ४४.

सिनेमा थांबला नाही, बदलला. 'ड्रिफ्टिंग क्लाउड्स' १९९६ मध्ये आला तेव्हा त्याच्या केंद्रस्थानी होत्या काती ओउतिनेन.

यात त्या पुन्हा एक इलोना आहेत. पण ही इलोना 'दुब्रोव्हनिक' नावाच्या जुन्या रेस्टॉरंटची मुख्य वेटर आहे. तिचा नवरा लाउरी ट्राम चालवतो. दोघांनी नुकताच हप्त्यांवर टीव्ही घेतलाय. आणि मग लाउरीची नोकरी जाते. कशी? पत्ते पिसून! कुणाला काढायचं हे ठरवायला ट्राम डेपोत चालकांना एकेक पत्ता ओढायला लावतात. ज्याचा पत्ता हलका, तो घरी. पाठोपाठ इलोनाचं रेस्टॉरंटही विकलं जातं.

पुढचा सिनेमा म्हणजे नोकरी शोधणं. एक मालक इलोनाला सांगतो की तिचं वय जास्त आहे. तिचं वय ३८. नोकरी लावून देणारा दलाल पैसे घेतो आणि एका कळकट खाणावळीत पाठवतो. तिथला मालक पगारच देत नाही. लाउरी उरलेसुरले पैसे जुगारात घालवतो. हप्ते थकल्यावर टीव्ही जातो.

इथे ओउतिनेन यांनी उभं केलेलं पात्र कमालीचं आहे. त्या कळकट खाणावळीत इलोना एकटीच सगळं करते. ऑर्डर घेते, आत जाऊन ओरडून सांगते जणू आत स्वयंपाकी आहे, मग स्वतःच पदार्थ बनवून आणते. गिऱ्हाईकाला वाटावं की हे व्यवस्थित चाललेलं हॉटेल आहे. हा प्रसंग विनोदी आहे, पण हसता हसता घशात काहीतरी अडकतं. ती फसवणूक करत नाहीये. तिला तिच्या कामाची लाज राखायची आहे.

सिनेमात आणखी एक क्षण आहे. इलोना घरात एका लहान मुलाच्या फोटोकडे बघते. या जोडप्याचं मूल गेलंय, एवढंच प्रेक्षकाला समजतं, त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. तो फोटो खरा आहे. तो लहानपणच्या मात्ती पेल्लोनपा यांचा फोटो आहे. सिनेमा त्यांच्याच स्मृतीला अर्पण केलेला आहे. म्हणजे त्या क्षणी पडद्यावरची आई आपल्या मुलाकडे बघतेय आणि पडद्यामागची अभिनेत्री आपल्या गेलेल्या सहकाऱ्याकडे. चेहऱ्यावर तरीही जादा काही नाही.

शेवट सांगायला हरकत नाही, कारण या सिनेमाची मजा शेवटावर अवलंबून नाही. जुन्या मालकीणबाई पैसे घालतात आणि इलोना नवं रेस्टॉरंट उघडते. त्याचं नाव ठेवलं जातं 'काम'. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कुणी फिरकत नाही. मग एक गिऱ्हाईक येतं, मग दुसरं, मग टेबलं भरतात. कामगारांच्या कुस्ती क्लबचा फोन येतो, तीस जणांसाठी जागा हवी असते. नवरा-बायको दारात येऊन वर आभाळाकडे बघतात. सिनेमा संपतो.

न बोलता एक अख्खा सिनेमा

१९९९ मध्ये काउरिस्माकी यांनी कमालच केली. जग डिजिटलकडे निघालं असताना त्यांनी 'युहा' नावाचा कृष्णधवल मूकपट काढला. युहानी आहो या फिनिश लेखकाच्या १९११ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. साधाभोळा नवरा, तरुण बायको आणि तिला भुलवून शहरात नेणारा परका माणूस, अशी ही कथा. ओउतिनेन यांनी त्या बायकोचं, मार्याचं काम केलं.

मूकपटात अभिनय म्हणजे मोठे हातवारे, असा समज असतो. ओउतिनेन यांना तर आधीपासूनच शब्दांशिवाय काम करायची सवय. त्यामुळे बोलपटातून मूकपटात जाताना त्यांना फार लांब जावं लागलं नाही.

कान २००२ : सूप वाढणाऱ्या बाईचा विजय

आणि मग आला 'द मॅन विदाउट अ पास्ट'. एक माणूस रेल्वेने हेलसिंकीत येतो. बागेत गुंड त्याला बेदम मारतात. तो वाचतो, पण स्मृती जाते. नाव आठवत नाही, गाव आठवत नाही. बंदराजवळ जुन्या कंटेनरमध्ये राहणारी माणसं त्याला आसरा देतात. नोकरी मागायला जावं तर कार्यालयात पहिला प्रश्न, नाव काय? नाव नाही म्हणून काम नाही. काम नाही म्हणून काहीच नाही.

तिथे गरिबांना सूप वाटणाऱ्या साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेत इर्मा काम करते. ही इर्मा म्हणजे ओउतिनेन. गणवेश, टोपी, नीट विंचरलेले केस, कडक शिस्त. दिवसभर इतरांची सेवा करायची आणि रात्री हॉस्टेलच्या खोलीत एकटीने झोपायचं. पण झोपण्याआधी ही कडक बाई पलंगावर पडून रॉक अँड रोल ऐकते! एवढ्या एका तपशिलातून कळतं की या गणवेशाच्या आत अजून कुणीतरी आहे.

इर्मा आणि तो बिननावाचा माणूस एकमेकांच्या जवळ येतात. दोघंही तरुण नाहीत. दोघांनाही बोलता येत नाही. ओउतिनेन यांनी इर्माचं पहिलं प्रेम असं साकारलंय की नजर क्षणभर जास्त थांबते, एवढंच. बाकी सगळं प्रेक्षकाने समजून घ्यायचं.

मे २००२ मध्ये कानच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंच. सिनेमाला तिथला दुसऱ्या क्रमांकाचा मान म्हणजे ग्रां प्री मिळाला आणि काती ओउतिनेन सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. तेव्हा त्या चाळीस वर्षांच्या होत्या. पुढे हाच सिनेमा ऑस्करच्या परभाषिक विभागात नामांकन मिळवणारा फिनलंडचा पहिला सिनेमा ठरला. इराकवर युद्ध लादायला निघालेल्या अमेरिकेचा निषेध म्हणून काउरिस्माकी त्या सोहळ्याला गेलेच नाहीत.

पुरस्कारानंतर काय केलं?

एवढा मोठा पुरस्कार मिळाल्यावर बरेच कलाकार हॉलिवूडची वाट धरतात. ओउतिनेन यांनी त्याच सुमारास वर्गाची वाट धरली. ज्या थिएटर अकादमीत त्या शिकल्या, तिथेच २००२ पासून दशकभराहून अधिक काळ त्या अभिनयाच्या प्राध्यापक होत्या. तुर्क्का यांच्या वादळाची आठवण असलेल्या त्या संस्थेत आता शिकवायला होती ती शांतपणासाठी जगभर ओळखली जाणारी अभिनेत्री. सोबत रंगमंच, टीव्ही आणि सिनेमा सुरूच होते.

काउरिस्माकी यांच्या सिनेमांतही त्या येत राहिल्या. २००६ च्या 'लाइट्स इन द डस्क'मध्ये त्या काही क्षणांसाठीच दिसतात. भूमिका कोणती? सुपरमार्केटची कॅशियर! वीस वर्षांपूर्वी जिथून सुरुवात झाली होती, पुन्हा त्याच काउंटरमागे. कानची विजेती अभिनेत्री दोन मिनिटांच्या भूमिकेसाठी तिथे उभी राहिली. ज्यांनी जुना सिनेमा बघितला होता त्यांना हा नमस्कार लगेच कळला.

२०११ मध्ये 'ल हाव्र' हा सिनेमा आला तो फ्रेंच भाषेत. बूट पॉलिश करणारा म्हातारा एका आफ्रिकन निर्वासित मुलाला पोलिसांपासून लपवतो. ओउतिनेन या त्याची बायको आर्लेत्ती. तिला गंभीर आजार आहे आणि नवऱ्याला त्रास नको म्हणून ती डॉक्टरांना गप्प राहायला सांगते. परकी भाषा, परका उच्चार, पण बाई तीच. दुःख स्वतःपाशी ठेवणारी.

२०१७ च्या 'द अदर साइड ऑफ होप'मध्येही त्या कपड्याच्या दुकानाच्या मालकीण म्हणून एका छोट्या प्रसंगात भेटून जातात.

मग त्यांच्यात नेमकं काय आहे?

ओउतिनेन यांच्या भूमिकांची यादी केली तर एक गोष्ट ठळक दिसते. कॅशियर, कारखान्यातली कामगार, वेटर, सूप वाढणारी, पुन्हा कॅशियर. या बाया आपल्याला रोज दिसतात. काउंटरवर, बसमध्ये, हॉटेलात. आपण त्यांच्याकडे बघतो, पण पाहत नाही. सिनेमात त्या आल्याच तर दोन प्रकारे येतात. एक तर मागे फिरणारी माणसं म्हणून, नाहीतर प्रेक्षकाला रडवायचं साधन म्हणून.

ओउतिनेन यांनी दोन्ही नाकारलं. त्यांची इलोना प्रेक्षकाकडे दया मागत नाही. ती पगार मागते. इर्मा सहानुभूती मागत नाही, ती सूप वाढते आणि रांग सरळ ठेवायला सांगते. चेहरा स्थिर ठेवण्याचा अर्थ इथे भावना नसणं असा नाही. माझं दुःख हा तुमच्यासाठी तमाशा नाही, असं सांगणं हा आहे.

म्हणूनच त्या जेव्हा किंचित हसतात किंवा कुणाच्या खांद्यावर डोकं टेकतात, तेव्हा तो क्षण डोंगराएवढा वाटतो. आपला मोबाइल दिवसभर मोठ्या प्रतिक्रियांनी भरलेला असतो. डोळे विस्फारलेले, तोंड उघडं, आवाज टिपेला. अशा वेळी एक स्थिर चेहरा तासभर बघणं हा वेगळाच अनुभव आहे. पहिली दहा मिनिटं जड जातात. मग डोळे सरावतात आणि पापणीची हालचालही दिसायला लागते.

२०२३ मध्ये काउरिस्माकी यांचा 'फॉलन लीव्ज' आला आणि कानमध्ये ज्यूरी पुरस्कार घेऊन गेला. त्यात ओउतिनेन नाहीत. नायिका आहे आल्मा पॉयस्ती ही नव्या पिढीची अभिनेत्री. तिचं पात्र हेलसिंकीच्या एका सुपरमार्केटमध्ये काम करतं आणि मुदत संपलेलं खाणं घरी नेलं म्हणून नोकरीवरून काढलं जातं. ती आरडाओरडा करत नाही. सरळ उभी राहते, समोर बघते आणि निघून जाते. १९८६ मध्ये काती ओउतिनेन यांनी उघडलेल्या वाटेवरूनच ती चालतेय, हे ओळखायला फार वेळ लागत नाही.

यांचं काम पहिल्यांदाच बघायचं असेल तर 'ड्रिफ्टिंग क्लाउड्स'पासून सुरुवात करावी. त्यात हसू आहे, उब आहे आणि शेवटी आभाळही आहे. मग 'द मॅन विदाउट अ पास्ट'. 'द मॅच फॅक्टरी गर्ल' मात्र तिसऱ्या नंबरवर ठेवलेलं बरं. तो सिनेमा छोटा आहे, पण बघून झाल्यावर त्यातली इरिस बरेच दिवस पाठ सोडत नाही.